‘बाकीचे आम्ही करतो’ : मैत्रिणींच्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून घेतल्या, त्या सेवेचे परीक्षण

गेल्या वर्षी मी माझ्याजवळचे ४१ रोल आणि २६० सुटे फोटो एका स्कॅनिंग सेवेकडे पाठवले. सगळे रोल ३५ मिमीचे होते, ३६ रंगीत आणि ५ कृष्णधवल. ते १९७८ ते १९९४ या काळातले आहेत आणि त्यांतल्या बहुतेक फोटोंत आम्हा पाच मैत्रिणींपैकी कोणी ना कोणी आहे, वसतिगृहाच्या पायऱ्यांवर, गच्चीवर, परीक्षेनंतरच्या सहलीत, पुढे नोकरीच्या पहिल्या दिवसांत. कॅमेरा आमच्यापैकी एकीच्या थोरल्या भावाचा होता आणि तो मागून आणलेला असे. छायाचित्रणाचे शिक्षण कोणीच घेतलेले नव्हते. भिंगाभोवतीच्या कड्यावर एक माणूस, माणसांचा घोळका आणि डोंगर अशी तीन चित्रे होती आणि अंतर जुळवण्यासाठी तेवढेच ज्ञान आम्हाला पुरत असे. सेवेचे नाव मी येथे देत नाही, कारण जे चुकले ते या प्रकारच्या अनेक सेवांत चुकू शकते आणि जे चांगले झाले तेही इतरत्र मागून घेता येण्याजोगे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण माझे सगळे मूल्यमापन तिच्यावर उभे आहे. मी हे फोटो सुंदर दिसावेत म्हणून पाठवले नव्हते. घरातल्या माणसांच्या फोटोंना वारस असतो. आजीचा फोटो नातवंडे ओळखतात, निदान ओळखू शकणारे कोणीतरी घरात असते. मैत्रिणींच्या फोटोंना असा वारस नसतो. माझ्या पश्चात हा डबा उघडणाऱ्याला त्यात अनोळखी मुलींचे घोळके दिसतील आणि पहिल्यांदा टाकून दिले जाईल ते हेच. तरी आम्ही कोणते कपडे घालत होतो, कोणाजवळ बसत होतो, घरच्यांच्या नजरेबाहेर असताना कशा उभ्या राहत होतो, याचा दुसरा कोणताही पुरावा उरलेला नाही. घरातल्या समारंभाचे फोटो कोणीतरी काढायला सांगितलेले असतात. आमचे फोटो कोणीही काढायला सांगितलेले नव्हते. म्हणून मला हव्या होत्या त्या या निगेटिव्ह पुरावा म्हणून, जशाच्या तशा, त्यांच्या क्रमासह.

अशा सेवांची परंपरा जुनी आहे. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा विकायला काढला, तेव्हा त्यात १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला असे. रोल संपला की ग्राहक अख्खा कॅमेराच कंपनीला पाठवून देत, कंपनी रोल धुऊन गोल आकाराच्या प्रती काढत असे आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत येत असे. जाहिरातीचे वाक्य होते, ‘बटण तुम्ही दाबा, बाकीचे आम्ही करतो’. हौशी माणसाच्या हाती कॅमेरा आला तो याच वचनामुळे. मला मात्र हे परीक्षण लिहिताना सतत वाटत राहिले की सगळा प्रश्न त्या ‘बाकीचे’ या शब्दात आहे. कोणती फ्रेम ठेवायची, कोणती गाळायची, रंग कोणता धरायचा, कडा कुठे कापायची, क्रम कोणता लावायचा, हे सगळे ‘बाकीच्या’त येते, आणि हौशी फोटोला इतिहास म्हणून किंमत राहते की नाही हे तिथेच ठरते.

सुरुवात अतिशय चांगली झाली. रोल स्वीकारण्यापूर्वी त्यांनी फोनवर जवळजवळ अर्धा तास बोलणे केले, पट्ट्या किती-किती फ्रेमच्या कापलेल्या आहेत, कशात ठेवल्या आहेत, वास येतो का, असे प्रश्न विचारले. वासाचा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला. त्याचे कारण नंतर कळले. जुन्या फिल्मचा आधार बहुधा सेल्युलोज ॲसिटेटचा असतो आणि उष्ण, दमट जागी तो कुजू लागला की ॲसिटिक आम्ल सुटते, म्हणजे व्हिनेगरचाच वास येतो. एकदा सुरू झालेली ही क्रिया सुटलेल्या आम्लामुळेच आणखी वेग घेते आणि शेजारच्या फिल्मलाही धोका पोहोचवते. माझ्या दोन रोलना तो वास होता. त्यांनी ते लगेच वेगळे काढले, सर्वांआधी स्कॅन केले, हवा खेळती राहील अशा कागदी पाकिटांत घालून परत पाठवले आणि बाकीच्या रोलबरोबर ठेवू नका असे स्वच्छ लिहून कळवले. घरच्या घरी स्कॅनर आणून मी हे काम केले असते, तर हे दोन रोल मी शेवटी हातात घेतले असते.

सुट्या फोटोंपैकी साठ-सत्तर फोटो चिकटपट्ट्यांच्या अल्बमात होते, ज्यात पानावरच गोंदाचे पट्टे असतात आणि वरून प्लॅस्टिकचा कागद बसवतात. एके काळी हे अल्बम फार सोयीचे वाटत. वर्षे गेली की तो गोंद फोटोच्या पाठीत मुरतो आणि फोटो ओढून काढावा तर फाटतो. येथल्या कारागिरांनी दात साफ करण्याचा मेण नसलेला दोरा फोटो आणि पान यांच्या मधून करवतीसारखा हळूहळू फिरवून एकेक फोटो सोडवला. दोन पानांवरचे फोटो त्यांनी सोडवण्यास नकार दिला आणि पान जसेच्या तसे वरून टिपले. त्या नकाराबद्दल मला त्यांचा विशेष आदर वाटला. हाताला भीती वाटली की थांबावे, हे ज्याला कळते त्याच्याकडे जुनी वस्तू सोपवावी.

सहा आठवड्यांनी पहिला संच आला. निगेटिव्ह नव्या, पारदर्शक, रासायनिकदृष्ट्या निरुपद्रवी अशा कप्प्यांत व्यवस्थित लावलेल्या होत्या. स्कॅन ४००० डीपीआयचे, म्हणजे दर इंचाला ४००० ठिपक्यांचे होते. ३५ मिमीची फ्रेम २४ बाय ३६ मिमीची असते, तेव्हा या मापाने एका फ्रेमची साधारण ५६६९ बाय ३७८० पिक्सेलची, म्हणजे २१ मेगापिक्सेलची फाइल होते. एवढे कशाला, असे कोणी विचारील. आमच्या घोळक्याच्या फोटोत एकेकीचा चेहरा निगेटिव्हवर जेमतेम दीड मिमीचा आहे. ४००० डीपीआयला त्या चेहऱ्याच्या वाट्याला सुमारे २३६ पिक्सेल येतात, २४०० डीपीआयला १४२. मैत्रिणींच्या फोटोंत चेहरे लहान असतात, कारण कोणालाही वगळायचे नसते म्हणून फोटो काढणारी मागे-मागे सरकत जाते. अशा फोटोंसाठी जास्त रिझोल्यूशन घ्यावे, असा माझा ठाम सल्ला आहे.

फाइली उघडून पाहताना पहिला आनंद एका स्वेटरने दिला. आडव्या पट्ट्यांचा तो स्वेटर १९७९ च्या एका रोलमध्ये आमच्यातल्या सर्वांत उंच मैत्रिणीच्या अंगावर आहे, पुढच्या वर्षीच्या रोलमध्ये माझ्या अंगावर आणि त्याच्याही पुढच्या रोलमध्ये तिसरीच्या, तेव्हा त्याचा उजवा कोपर रफू केलेला दिसतो. तो कोणाचा होता हे आज आम्हा कोणालाच सांगता येत नाही. अल्बमात हे कधी लक्षात आले नव्हते, कारण अल्बमात आम्ही निवडक फोटो लावले होते आणि प्रत्येकीने आपापला चांगला आलेला फोटो निवडला होता. सगळ्या फ्रेम ओळीने समोर आल्या तेव्हाच कळले की आमच्या पाच जणींच्या कपाटात मिळून किती थोडे कपडे होते आणि ते किती सहज या अंगावरून त्या अंगावर जात होते.

पण सगळ्या फ्रेम समोर आल्याच नव्हत्या, आणि इथून माझी तक्रार सुरू होते.

निगेटिव्ह पाठवण्यापूर्वी मी पांढऱ्या प्रकाशाच्या पेटीवर ठेवून एकेक फ्रेम मोजली होती. लाइट लागून पूर्ण गेलेल्या सोडून १४३८ फ्रेम होत्या. फाइली आल्या १२०९. उरलेल्या २२९ फ्रेम त्यांच्या निवडीत गळल्या होत्या. हललेल्या, अंधाऱ्या, जळालेल्या, कोपऱ्यात बोट आलेल्या, डोळे मिटलेल्या, आणि ‘तोच फोटो पुन्हा काढलेला’ अशा. विचारल्यावर उत्तर मिळाले की दर फ्रेममागे आकारणी होत असल्याने ग्राहकाचा खर्च वाचावा म्हणून हे केले जाते. हेतू प्रामाणिक होता, हे मी मान्य करते. परंतु ही निवड करण्याचा अधिकार मी दिलेला नव्हता आणि अशी निवड होणार आहे हे त्यांच्या अर्जावर बारीक अक्षरांतही लिहिलेले नव्हते. ज्या काळात ३६ फ्रेमचा रोल आठ-आठ महिने पुरवला जात असे, त्या काळात एकच दृश्य दोनदा टिपले गेले असेल तर त्यालाही कारण असते. कोणीतरी ‘माझे डोळे मिटले, परत काढ’ म्हटलेले असते आणि जिच्या सांगण्यावरून फ्रेम खर्ची पडली, तिचा त्या घोळक्यातला मान त्यातून कळतो. बोट आलेल्या फ्रेमवरून तर कॅमेरा त्या वेळी कोणाच्या हातात होता हेही मी सांगू शकते, कारण आमच्यातल्या एकीलाच कॅमेरा डावीकडून घट्ट धरण्याची सवय होती.

दुसरी चूक क्रमाची. प्रत्येक पट्टीच्या काठावर कारखान्यातच छापलेले आकडे असतात, १, १अ, २, २अ असे, आणि त्याबरोबर फिल्मचे नाव. स्कॅन करताना तो काठ कापून टाकला गेला आणि फाइलींना पहिल्यापासून शेवटपर्यंत सरसकट अनुक्रमांक दिले गेले. त्यामुळे कोणती फ्रेम कोणत्या रोलमधली, हे फाइलीवरून कळायला मार्ग राहिला नाही. काही पट्ट्या उलट्या टोकाने घातल्या गेल्या होत्या, त्यांचा क्रम अठरापासून तेराकडे असा लागला. एक पट्टी तर पालथी घातली गेली होती. ते मला एका मनगटी घड्याळावरून कळले. ती मैत्रीण घड्याळ नेहमी डाव्या हाताला बांधत असे आणि या सहा फ्रेममध्ये ते उजव्या हातावर होते. काठ राखला असता तर आकडे आरशातल्यासारखे उलटे दिसून ही चूक स्कॅन करणाऱ्याच्याच नजरेला आली असती. ज्यांना अशी सेवा घ्यायची आहे त्यांनी ‘काठासह स्कॅन’ असे स्पष्ट शब्दांत मागावे. ते करणे अवघड नसते, फक्त फ्रेम धरणारी चौकट मोठ्या खिडकीची लागते.

रंगांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. रंगीत निगेटिव्हच्या तळाला नारिंगी झाक असते आणि चित्राचे रंग उलटवून खरे करताना ती वजा करावी लागते. हे काम यंत्रावर सोपवले की यंत्र प्रत्येक फ्रेमचा हिशोब वेगळा करते. परिणाम असा झाला की एकाच दुपारी, एकाच भिंतीसमोर काढलेल्या सलग फोटोंत ती भिंत एकदा पिवळसर, एकदा निळसर आणि एकदा जवळजवळ पांढरी आली. संध्याकाळी गच्चीवर काढलेले फोटो भर दुपारचे वाटू लागले. अख्ख्या रोलसाठी एकच रंगमांडणी पक्की केली तर असे होत नाही आणि तक्रारीनंतर त्यांनी ती केलीही. सुट्या फोटोंच्या बाबतीत मात्र त्यांचे काम उत्तम होते. अंधारात ठेवलेल्या त्या काळच्या रंगीत प्रतींतले निळसर-हिरवे रंगद्रव्य बहुधा आधी उडते आणि फोटो लालसर दिसू लागतो. त्यांनी प्रत्येक फोटोची एक फाइल आहे तशी लालसर आणि एक फाइल सुधारलेली, अशा दोन फाइली दिल्या. हीच पद्धत मला सर्वत्र हवी होती.

कृष्णधवल रोलांवर झालेली चूक तांत्रिक होती आणि ती त्यांच्यासारख्या जाणत्या माणसांकडून व्हायला नको होती. धूळ आणि ओरखडे काढण्यासाठी स्कॅनर अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाचा वापर करतो. रंगीत फिल्ममधली रंगद्रव्ये अवरक्त प्रकाशाला आरपार जाऊ देतात, धुळीचा कण अडवतो, आणि या फरकावरून यंत्राला धूळ ओळखता येते. कृष्णधवल फिल्ममधले चित्र चांदीचे असते आणि चांदीही हा प्रकाश अडवते. म्हणजे यंत्राला चित्र हीच धूळ वाटते. पाचपैकी दोन रोलांवर हे साधन चालूच राहिले होते. वेण्यांचे केस मेणासारखे सपाट झाले होते आणि साडीच्या काठाची नक्षी मध्येच पुसली गेली होती. दोन्ही रोल त्यांनी विनातक्रार पुन्हा स्कॅन करून दिले.

यापेक्षा मला अधिक लागली ती पुढची गोष्ट. त्यांच्या ‘सुधारित’ संचात चेहरे स्पष्ट करणारी एक स्वयंचलित प्रक्रिया वापरलेली होती. मूळ फिल्मवर जिथे केवळ दाण्यांचा पुंजका आहे, तिथे या प्रक्रियेने पापण्या, भुवया आणि दात रचले होते. आमच्यातल्या एकीच्या डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची खूण होती, भुवई तिथे मधोमध तुटलेली दिसे. सुधारलेल्या फोटोत ती भुवई अखंड आली आहे. ती मैत्रीण आता नाही. तिचा चेहरा ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यापुढे हा फोटो गेला तर ते तो खराच मानतील, कारण तो मूळ फोटोपेक्षा जास्त स्वच्छ आहे. धूसर चेहरा ‘मला एवढेच ठाऊक आहे’ असे प्रामाणिकपणे सांगतो आणि रचलेला चेहरा नसलेली माहिती देतो. मी या संचातल्या सगळ्या फाइली पुसून टाकल्या आणि सेवेला लिहिले की ही प्रक्रिया ग्राहकाने मागितल्याशिवाय कधीही लावू नये. त्यांनी पुढच्या अर्जात त्यासाठी वेगळा चौकोन ठेवला आहे, हे मी स्वतः पाहिले.

सुट्या फोटोंच्या पाठी स्कॅन करण्याची सोय होती, पण ती वेगळी मागावी लागत होती. मी मागितली म्हणून बरे झाले. २६० पैकी ९७ फोटोंच्या पाठीवर काही ना काही लिहिलेले होते. तारीख क्वचित, नावे त्याहून क्वचित, आणि बहुतेक ठिकाणी केवळ थट्टा, अर्धवट ओळी, ‘परत कर’ अशी ताकीद. ‘परत कर’ असे लिहिलेले सात फोटो माझ्याकडे आहेत, म्हणजे ते मी परत केलेले नाहीत. फोटोवर लिहिण्याची ही गरज उत्पादकांनीही ओळखली होती. १९१४ मध्ये कोडॅकने असे कॅमेरे काढले होते की मागची छोटी खिडकी उघडून टोकदार सळईने फिल्मच्या मागच्या कागदावर लिहिले की तो मजकूर निगेटिव्हच्या काठावरच उमटत असे. ती सोय पुढे बंद पडली. आपल्या वाट्याला फोटोची पाठच उरली, आणि निगेटिव्हला तर पाठही नसते.

निगेटिव्हला असते ते पाकीट. आमच्या रोलांची जुनी पाकिटे, ज्यांत धुतलेले रोल दुकानातून परत येत, ती मी सोबत पाठवली होती. त्यांवर पेनने आकड्यांची रांग आणि प्रत्येक आकड्यापुढे उभ्या रेघा ओढलेल्या आहेत. कोणत्या फ्रेमच्या किती कॉप्या काढायच्या याचा तो हिशोब होता. पाकीट हातोहात फिरे, ज्या फोटोची प्रत हवी त्यापुढे ज्याने-त्याने रेघ ओढावी आणि पैसे जमा करावेत. त्या रेघांपेक्षा नेमका दस्तऐवज आमच्या मैत्रीचा दुसरा नाही. कोणाला कोणाचा फोटो जवळ हवा होता, कोणाच्या फोटोपुढे एकही रेघ नाही, कोणत्या महिन्यात कोणाजवळ पैसे नव्हते, सगळे त्यात आहे. परत आलेल्या खोक्यात ही पाकिटे वेगळ्या गठ्ठ्यात बांधलेली दिसली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कोणते पाकीट कोणत्या रोलचे हे आता कळणार नाही, असे वाटले. पण प्रत्येक पाकिटाच्या मागच्या कोपऱ्यात कोणीतरी बारीक अक्षरांत, पेन्सिलीने, रोलचा क्रमांक घातला होता. कोणी सांगितलेले नसताना कोणत्या कर्मचाऱ्याने हे केले ते मला शेवटपर्यंत समजले नाही. या संपूर्ण सेवेतली सर्वांत मोलाची कृती मी हीच मानते.

त्या आकड्यांमुळेच मला एक फ्रेम परत मिळाली. सतराव्या रोलमध्ये चौदा ते अठरा या पाच फ्रेम वसतिगृहाच्या पायऱ्यांवरच्या आहेत. प्रत्येकीत चौघीजणी आहेत आणि दर वेळी एक नवी मैत्रीण गायब आहे. म्हणजे कॅमेरा हातोहात फिरत होता आणि जी दिसत नाही तिने तो फोटो काढलेला आहे. क्रम उलटा लागला होता तोवर हे फक्त पाच सारखे फोटो होते, क्रम सरळ लावला तेव्हा कॅमेरा डावीकडून उजवीकडे कसा गेला ते दिसले. पाकिटावर चौदा ते अठरापुढे एकेक, फार तर दोन रेघा आहेत. एकोणीसपुढे पाच. आणि एकोणीस क्रमांकाची फ्रेम मला आलेल्या फाइलींमध्ये नव्हती. ती हललेली आहे, तिच्या खालच्या तिसऱ्या भागावर एक लांब सावली पसरलेली आहे, म्हणून ती निवडीत नापास झाली होती. तक्रारीनंतर आलेल्या दुसऱ्या संचात ती आली. पायऱ्यांवर आम्ही पाचहीजणी आहोत आणि सावली ज्या कोणा वाटेवरच्या व्यक्तीने बटण दाबले तिची आहे. १४३८ फ्रेमपैकी आम्ही पाचजणी एकत्र असलेली ही एकमेव फ्रेम आहे.

ऑनलाइन दालनाबद्दल थोडक्यात. फोटो तिथे चढवून मैत्रिणींना दुवा पाठवता येतो आणि प्रत्येकीला खाली नावे, तारखा, आठवणी लिहिता येतात. ही सोय खरोखर चांगली आहे आणि दोन महिन्यांत आमच्याकडून तीनशेहून अधिक नोंदी झाल्या. मात्र चेहरे ओळखून गट पाडण्याची व्यवस्था सुरुवातीपासून चालू होती आणि दुवा हाती असलेल्या कोणालाही सगळे फोटो दिसत होते. फोटो माझ्या डब्यात होते म्हणून त्यांतले चेहरे माझे होत नाहीत. एकीने काही फोटो कोणालाही दाखवू नयेत असे सांगितले आणि तिचे म्हणणे मी पाळले. ही दोन्ही साधने मुळात बंद असावीत आणि ग्राहकाने विचारपूर्वक चालू करावीत. शिवाय दालनात लिहिलेल्या नोंदी फाइलींच्या आत उतरत नाहीत, दालन बंद झाले तर त्या जातील. त्या वेगळ्या उतरवून प्रत्येक फाइलीच्या अंतर्गत माहितीत घालण्याचे काम मला हाताने करावे लागले.

हौशी माणसाच्या फोटोंना उशिरा का होईना मान मिळतो, हे आता नवे राहिलेले नाही. फ्रान्सच्या झाक आंरी लार्तीग यांनी लहानपणापासून भावंडांचे आणि मित्रांचे काढलेले फोटो १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागले, तेव्हा ते ६९ वर्षांचे होते, आणि पुढे १९७९ मध्ये त्यांनी आपला संग्रह फ्रेंच सरकारला दिला. त्यांचे अल्बम त्यांनी स्वतः लावलेल्या क्रमात, स्वतः लिहिलेल्या ओळींसह टिकले, ही गोष्ट मला त्यांच्या कलागुणाइतकीच महत्त्वाची वाटते. याउलट २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टने १८८८ ते १९७८ या काळातल्या हौशी फोटोंचे मोठे प्रदर्शन भरवले, त्यातल्या बहुतेक फोटोंचे कर्ते अज्ञात आहेत. ते फोटो देखणे आहेत, पण त्यांतल्या हसणाऱ्या मुलींची नावे काय होती, हे सांगायला आता कोणी उरलेले नाही.

या सेवेकडे पुन्हा काम देईन का, असा प्रश्न मला दोघीतिघींनी विचारला. देईन, आणि दिलेही आहे. आणखी नऊ रोल एका मैत्रिणीच्या घरी सापडले, ते मी त्यांच्याकडेच पाठवले. हात काळजीचे आहेत, चूक दाखवली तर ऐकून घेतात आणि दुरुस्त करून देतात. या वेळी मात्र सोबत एक पान लिहून दिले : प्रत्येक फ्रेम स्कॅन करावी, हललेली आणि जळालेलीसुद्धा. काठ राखावा. फाइलीच्या नावात रोल आणि फ्रेम यांचे क्रमांक असावेत. एका रोलला एकच रंगमांडणी ठेवावी. कृष्णधवल रोलांवर अवरक्त सफाई बंद असावी. चेहऱ्यांना हात लावू नये. पाकिटाच्या दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात. या सगळ्याला त्यांनी लेखी होकार दिला आणि आलेले काम त्याप्रमाणे आहे.

एकोणीस क्रमांकाच्या फ्रेमच्या मी पाच प्रती काढून घेतल्या, पाकिटावर रेघा होत्या तेवढ्याच. हल्लीच्या गुळगुळीत फोटो-कागदावर पेन्सिल नीट उमटत नाही, म्हणून लवकर वाळणाऱ्या, न फुटणाऱ्या शाईचे पेन आणून मागे पाचही नावे डावीकडून उजवीकडे लिहिली, आणि सावलीपुढे ‘ओळख लागली नाही’ असे लिहिले. भुवईत खूण असलेल्या मैत्रिणीची प्रत तिच्या मुलाकडे गेली. त्याने फोन करून पहिल्यांदा विचारले ते, यातली आई कोणती.